शांततेच्या मापातलं पाप

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, "परदेशातल्या तुमच्या कारकिर्दीचा प्रेरणादायी प्रवास लिहा." माफ करा. कारकीर्द म्हणावी इतकी वर्षं माझी अजून झालेली नाहीत, प्रवास मी रोज सायकलवरून करते, आणि प्रेरणादायी काही घडलंच असेल तर ते माझ्या हातून घडलेलं नाही. माझ्या हातून घडलं ते एक खोटं माप. तेच लिहिते. छापायचं नसेल तर रांगोळीची पानं वाढवा.

पुण्यात कॉलेजात असताना मी ग्राहक चळवळीत होते. आम्ही पत्रकं काढायचो. मंडईत जायचं, वजनं तपासायची, पारडं उलटं करून तळाला चिंच चिकटवली आहे का ते बघायचं. सापडली की दुसऱ्या दिवशी पिवळ्या कागदावर मथळा: मापात पाप! भाषा अशी, की वाचणाऱ्याने पिशवी तिथेच टाकून मोर्चात यावं. कधी कोणी आलं नाही, तो भाग वेगळा. पण पारडं उलटं करून बघायची सवय हाडात भिनली, असा माझा समज होता.

त्या समजासकट मी हॉलंडमधल्या आइंडहोवनला आले आणि आवाजाच्या चिपा बनवणाऱ्या एका विभागात लागले. आम्ही सगळे मिळून सात जण. विभागप्रमुख होते सबनीस सर, मूळ नाशिकचे, पंधरा वर्षं तिथे मुरलेले. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे इंग्रजी बैठकीत मला त्यांना 'अरुण' म्हणावं लागे. म्हणायची वेळ आली की मी आधी खोकायची. बैठकीतून बाहेर पडलो की लगेच "सर, चहा?" आमच्यातला डच विम म्हणायचा, "तुझा अरुण दाराबाहेर गेला की त्याचं नाव बदलतं."

हा विम मापनाच्या प्रयोगशाळेचा मालक असल्यासारखा वागायचा. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटची भुरभुर पसरायचा आणि ताकाबरोबर खायचा. मी त्याला तोंडावर म्हटलं, "हे पाच वर्षांच्या मुलाचं जेवण आहे." तो म्हणाला, "तुझा डबा सगळ्या मजल्याला कळतो." मी स्वतःला फटकळ समजत होते. या देशात मी मध्यममार्गी ठरले.

आता धंदा समजावून सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांची वीज करून स्पीकरकडे पाठवणारा कारकून म्हणजे आमची चिप. पूर्वी या कारकुनाला स्वतंत्र दालन होतं. साऊंड कार्ड नावाची तळहाताएवढी हिरवी पाटी वेगळी विकत घ्यायची आणि मशीनमध्ये बसवायची. मग मदरबोर्डवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य पाटी बनवणाऱ्यांनी, कारकुनाला आपल्याच बोर्डाच्या कोपऱ्यात आणून उभं केलं. दालन गेलं, रुबाब गेला, उरला अठ्ठेचाळीस पायांचा, नखाएवढा काळा चौकोन.

मी आले त्या सुमाराला, म्हणजे दोन हजार पाचच्या आसपास, प्रोसेसरवाल्या बड्या मंडळींनी फर्मान काढलं होतं: आवाजाची जुनी पद्धत बंद, नवी सुरू. अधिक बारकावे, आठ-आठ स्पीकर, आणि कुठल्या भोकात काय खुपसलंय हे चिपने आपलं आपण ओळखायचं. फर्मान निघालं आणि जगातल्या सगळ्या चिपवाल्यांचा जुना माल शिळा झाला. सगळे पुन्हा एका रेषेवर उभे. पूर्वेकडचा एक दांडगा उत्पादक होता, तो चिपा शेंगदाण्यासारख्या विकायचा. आणखी दोघे-तिघे होते. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही सात.

या बदलाने लोकांचे काय हाल केले, ते मी गणपतीत पाहिलं. ॲमस्टेलव्हीनच्या एका मराठी घरी आम्ही चाळीस माणसं आरतीला उभी. यजमानांनी हौसेने नवा मदरबोर्ड घेतला होता आणि काटकसरीने तो कॉम्प्युटरच्या जुन्याच डब्यात बसवला होता. स्पीकरची वायर समोरच्या भोकात घातली, आरती लावली, तर आवाजच नाही. जुन्या डब्याच्या वायरीला 'मी इथे आहे' हे नव्या चिपला सांगताच येत नव्हतं, आणि चिप कोणी सांगितल्याशिवाय बोलत नव्हती. यजमानांची पाच वर्षांची लेक म्हणाली, "कापॉट." म्हणजे बिघडलं. यजमानीणबाई माझ्याकडे वळल्या. "अगं, तू आवाजाची इंजिनियर ना?" मी वायर काढून मागच्या भोकात घातली. आवाज आला. माझ्या कारकिर्दीतला एवढाच जयजयकार. संपादकांनी नोंद घ्यावी.

तर शर्यत. चिप घेणारा मदरबोर्डवाला चिपचं गाणं ऐकत नाही. तो दोन गोष्टी बघतो, किंमत आणि एक आकडा. तो आकडा शांततेचा. काहीही वाजत नसताना चिपमधून जी बारीक खरखर येते, ती मोठ्यात मोठ्या आवाजापेक्षा किती खाली आहे, ते डेसिबलमध्ये मोजायचं. आकडा जितका मोठा तितकी चिप शांत. दांडग्याचा आकडा आमच्यापेक्षा पाचने मोठा होता. पाच म्हणजे या धंद्यात पहिला वर्ग आणि नापास यांतलं अंतर.

मग आमच्या चिपची सुधारित आवृत्ती आली. मापायचं काम माझं. विमच्या यंत्रावर सगळं आधीच रचून ठेवलेलं असे; चिप बसवायची, बटण दाबायचं, आकडा घ्यायचा. मी बटण दाबलं. आकडा सातने वाढला होता! आम्ही दांडग्याच्या पुढे! मी मजल्यावर ओरडत सुटले. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे केक मलाच आणावा लागला, कारण या देशात आनंद ज्याचा, केकही त्याचाच. सबनीस सरांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "छान." इतकंच. मला वाटलं, मधुमेह असेल.

त्याच उत्साहात मी दांडग्याचं माहितीपत्रक बारकाईने वाचलं. आकड्याशेजारी मुंगीएवढी फुली होती आणि पानाच्या तळाला मुंगीच्या पिल्लाएवढं वाक्य: हे माप शून्य संकेतावर घेतलं आहे. मी ताडकन उठले. शून्य संकेत म्हणजे चिपला नुसती शून्यं पाठवायची. शून्यं आली की त्यांची चिप स्वतःचं तोंडच बंद करून घेते, दार लावते. मग तुम्ही त्या बंद दाराला कान लावायचा आणि म्हणायचं, वा, घरात काय शांतता आहे! प्रामाणिक माप वेगळं असतं. चिपला अगदी पुसट सूर द्यायचा, म्हणजे ती जागी राहते. मग मोजताना तेवढा सूर वजा करून उरलेली खरखर मोजायची. चिंच सापडली होती.

मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत, पण रक्त मंडईतलं. मथळा: 'तोंड दाबून मिळवलेली शांतता ही शांतता नव्हे!' एका पानात नऊ उद्गारचिन्हं. सबनीस सरांनी लाल पेन घेऊन शांतपणे नऊच्या नऊ काढली. म्हणाले, "बाई गं, या धंद्यात उद्गारचिन्ह चालत नाही." बाकी एका शब्दाला हात लावला नाही. विक्रीचं बघणारा मार्क खूश झाला. त्याने ते सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं.

मदरबोर्डवाल्यांपैकी कोणी हूं की चूं केलं नाही. शब्द न् शब्द वाचला तो फक्त हेगजवळच्या रायस्वाइकच्या एका छोट्या पुरवठादाराने. तो अंधांसाठी बोलके कॉम्प्युटर जुळवायचा. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवतो, आणि माणूस कानाने काम करतो. त्याने फोन केला. "पत्रक उत्तम आहे. आता एक काम करा, आमच्या एका बाईंचं मशीन शब्द खातंय, ते येऊन बघा. हा तोंड दाबण्याचाच प्रकार वाटतो."

मी तावातावाने म्हटलं, "दांडग्याची चिप आहे ना?"

"नाही. तुमची. नमुन्याला दिलेली."

मी आगगाडीने हेगला गेले आणि तिथून ट्रामने, हेगजवळच्याच एका नगरपालिकेत. मेव्राउ दे ख्राफ, म्हणजे दे ख्राफबाई, तिथे टेलिफोन ऑपरेटर होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, जन्मापासून दृष्टी नाही, एका कानात फोन करणारा माणूस, दुसऱ्या कानात कॉम्प्युटर. मी नाव सांगितलं.

"चिपवाली ना तू? बस. कोट काढू नकोस, इथे हीटर चालत नाही. आणि सहानुभूती आणली असशील तर दाराबाहेर ठेव."

"मी फक्त मोजायचं यंत्र आणलंय."

"मग आपलं जमेल."

त्यांनी दुसरा हेडफोन मला दिला आणि विभागांच्या फोन क्रमांकांची यादी लावली. कॉम्प्युटर वाचत होता, पण प्रत्येक थांब्यानंतर पहिला अक्षरतुकडा गायब. डचमध्ये आकडे आपल्यासारखेच उलटे बोलतात, पाच आधी, वीस नंतर. पहिला तुकडा गेला की पंचवीसचे राहतात वीस.

"परवा एका बाईंना नवऱ्याच्या मृत्यूची नोंद करायची होती," मेव्राउ म्हणाल्या. "मी त्यांना जलतरण तलावाकडे जोडून दिलं. तिथल्या पोराने विचारलं, एकट्याचा पास की कुटुंबाचा?"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

"हस की. मीही हसले, नंतर. पण साहेब हसले नाहीत. अशा चौदा तक्रारी झाल्यात. बावीस वर्षं एक चुकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात माझं मूल्यमापन आहे. साहेब म्हणतात, दे ख्राफ, तुमचे कान आता थकले असतील. कान!" त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "डोळ्यांबद्दल बोलला असता तर चाललं असतं. कानाबद्दल बोलायचं नाही."

"जुन्या मशीनवर असं व्हायचं?"

"कधीच नाही. ते सारखं सुसकारे टाकायचं, पण शब्द गिळत नव्हतं. आता ऐक." त्यांनी एक सीडी घातली. समुद्राच्या लाटा, अगदी हळू. त्यावर पुन्हा यादी लावली. एकही अक्षर गळलं नाही. "समुद्र चालू असला की हे झोपत नाही. मी शोधून काढलं. आता आठ तास समुद्र ऐकते आणि डोकं धरून घरी जाते. तू इंजिनियर आहेस, तू सांग. याला झोपायला कोणी शिकवलं?"

मी यंत्र पिशवीतून बाहेर काढलंच नाही. काढायची गरज नव्हती. शून्यं आली की आमची चिप तोंड बंद करत होती, आणि शब्द आल्यावर तोंड उघडेपर्यंत पहिला तुकडा निघून जात होता. सातने वाढलेला आकडा आणि माझा केक, दोन्ही या बाईंच्या अक्षरांवर उभे होते.

दुसऱ्या दिवशी विमला म्हटलं, "बटण दाबलं की यंत्र चिपला काय पाठवतं?"

"शून्यं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तू केक आणायला गेलीस."

मंडईत प्रत्येक पारडं उलटं करणारी मी, माझ्या स्वतःच्या तराजूखाली वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी पुसट सूर देऊन पुन्हा मोजलं. आमचा आकडा धप्पकन खाली आला. मग विमने कपाटातून दांडग्याची चिप काढली आणि तीही तशीच मोजली. ती आमच्याहून दोनने खाली आली. म्हणजे खऱ्या मापात आम्हीच पुढे होतो. खरं माप तेवढं कोणी मागत नव्हतं.

मी सबनीस सरांच्या खोलीत गेले. दार लावलं. मराठीत.

"सर, पारड्याखाली चिंच आहे."

त्यांना माझ्या पत्रकांचा इतिहास माहीत होता. त्यांनी चष्मा काढला. "अगं, ती सगळ्यांच्याच पारड्याखाली आहे."

"त्यांनी निदान तळटीप तरी दिलीय. आपण तीही दिली नाही. आणि हे माहीत असून तुम्ही मला पत्रक लिहू दिलंत?"

"उद्गारचिन्हं काढली होती मी."

"सर!"

"बस जरा." त्यांनी आपला चहा माझ्याकडे सरकवला. "तीन वर्षं खरा आकडा घेऊन हिंडलो मी. खरेदीवाला तक्ता उघडतो, रकान्यावरून बोट फिरवतो, आपण चौथ्या ओळीत. बोट तिथवर येतच नाही. चिप चांगली आहे गं. पण ऐकण्यासाठी ती आधी कुठल्या तरी बोर्डावर बसायला हवी ना? नाही बसली तर हा विभाग बंद. मला कुठेही टाकतील. तुझा इथे राहायचा परवाना या नोकरीवर आहे, हे लक्षात आहे ना तुझ्या?"

 पत्रकात माझ्याकडे नेहमी उत्तर असतं, कारण पत्रकात समोरचा बोलत नाही. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या आठवड्यात त्या बाईंचं मूल्यमापन आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "ड्रायव्हरमध्ये एक खूण बदलली की झोपणं बंद होतं. ती खूण मीच घातली होती. बाईंना आजच पाठव. कोणाला विचारू नकोस."

त्याच दुपारी मी नवा ड्रायव्हर, म्हणजे चिपला हुकूम देणारा प्रोग्रॅम, पाठवला, आणि सोबत एक पत्र, चूक चिपची आहे, कानांची नाही, असं स्पष्ट लिहून. हेही कोणाला विचारलं नाही. मेव्राउंनी ते साहेबांपुढे मूल्यमापनाच्या वेळी कॉम्प्युटरकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. नोकरी राहिली. समुद्र बंद झाला.

पण माहितीपत्रकावरचा आकडा तसाच होता. त्यासाठी बैठक बसली. डच बैठकीत प्रत्येकाला एक कप कॉफी, एक बिस्किट आणि एक मत मिळतं. या लोकांनी समुद्राशीसुद्धा तडजोड केली आहे, आम्ही कोण लागून गेलो? मी म्हटलं, आकडा खोटा आहे, काढा. मार्क म्हणाला, आकडा काढला तर दुकान काढा. विम म्हणाला, तळटीप द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण कोणाचंच पूर्ण समाधान झालं नव्हतं आणि इथे त्यालाच तोडगा म्हणतात. तळटीप मी लिहिली: 'हे माप चिपचं तोंड बंद असताना घेतलं आहे, चिप जागी असताना आकडा इतका.' खरा आकडा त्यात होता. अक्षराचा आकार मार्कने ठरवला. छापून आल्यावर ती ओळ कागदावरच्या डागासारखी दिसत होती. आणि मीही मान डोलावली. पिवळ्या कागदावर आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या रांगेत मी बिस्किट खात बसले होते.

पंधरा दिवसांनी फोन आला.

"चिपवाली? दे ख्राफ बोलतेय. तुमच्या चिपचं नवं माहितीपत्रक मी मागवून घेतलं. कशावर काम करतेय ते कळायला नको? माझ्या मशीनने वाचून दाखवलं. एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"आधी एक आकडा सांगितलाय. पुढे लगेच सांगितलंय, तो तोंड बंद असतानाचा, खरा आकडा इतका. मग पहिला सांगितलाच कशाला?"

मी चाचरत म्हटलं, "मेव्राउ, ते दुसरं वाक्य खाली आहे. बारीक अक्षरात."

"बारीक म्हणजे? मला तर दोन्ही एकाच आवाजात ऐकू आली." मग म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी आहे ते."

त्यांनी फोन ठेवला. मी जाऊन सबनीस सरांना जसंच्या तसं सांगितलं.  माझा चहा गार झाला म्हणून त्यांनी दुसरा करून आणला.

त्या चिपचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणी विजयाची वाट बघायला नको. रायस्वाइकच्या पुरवठादाराने शेवटपर्यंत आमचीच चिप घेतली. त्याचा वर्षाचा खप म्हणजे दांडग्याची एका सकाळची विक्री. बाकीचे मदरबोर्ड दांडग्याने नेले. आकड्यावर नाही, किमतीवर. म्हणजे चिंचेचाही उपयोग झाला नाही. वर्षभरात विभाग गुंडाळला. सर दुसऱ्या इमारतीत गेले, आणि मला परवाना संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली. तिथेही मापंच घेते. बटण दाबण्याआधी यंत्र उलटं करून बघते. तिथले लोक मला विक्षिप्त समजतात.

पण विभाग बंद होण्याआधीची एक बैठक सांगायची राहिली. माहितीपत्रकाची नवी छपाई आली होती. मार्कने पहिलं पान उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. आकडा जेवढ्या ठळक अक्षरात, तळटीपही तेवढ्याच ठळक अक्षरात, आणि तळाला नाही, आकड्याच्या लगेच खाली. त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी ते खरोखर केलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली.

"हे अक्षर कोणी वाढवलं?" मार्कने विचारलं.

सबनीस सर बिस्किट कॉफीत बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "मी. आपल्या गिऱ्हाइकाला बारीक अक्षर दिसत नाही."

"थँक यू, अरुण," मी म्हटलं. न खोकता.